अंडी दर वेळी पांढरी का पडतात? सोलापूरच्या पाण्यात रॅम आणि अपिस्टो माशांची वीण

जोडी जुळलेली असते, दगड चाटूनपुसून लख्ख केलेला असतो, संध्याकाळी अंडी दिसतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढरी. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. जर्मन ब्लू रॅम, बोलिव्हियन रॅम, कॉकाटू आणि अगासिझी हे अपिस्टो, क्रिब, अशी बुटकी सिक्लिड, म्हणजे मत्स्यटाकीतले छोटे शोभेचे मासे, सोलापुरात पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे दुकानातून निळं औषध आणून टाकीत ओतणं. पण मेलेलं अंडं औषधाने जिवंत होत नाही, आणि टाकीतले उपयोगी जिवाणू मात्र त्यात मरतात.

खालच्या तपासण्या फुकटापासून खर्चिकपर्यंत अशा क्रमाने आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुढची वीण बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही.

आधी लक्षण ओळखा

"अंडी गेली" एवढ्यावरून काहीच समजत नाही. कधी गेली आणि कशी गेली, ते बघा. रॅमची चांगली अंडी फिकट तपकिरी आणि आरपार दिसणारी असतात, कॉकाटूची लालसर. दुधी पांढरं झालेलं अंडं मेलेलं.

चोवीस तासांत जवळजवळ सगळी पांढरी झाली, तर बहुतेक ती फळलीच नव्हती. दोष जोडीत किंवा पाण्यात आहे. आधी दहा-वीस पांढरी, मग त्यांच्यावर कापसासारखी बुरशी आणि ती एका कडेने पसरत गेली, तर हवा आणि पाण्याचा प्रवाह तपासा. दुसऱ्या दिवसापर्यंत अंडी स्वच्छ होती आणि सकाळी दगड कोरा, तर कोणीतरी खाल्ली. पिल्लं बाहेर पडली, वळवळली आणि पोहायच्या आधीच मेली, तर अमोनिया किंवा तापमान. पोहायला लागली आणि रोज थोडी थोडी कमी होत गेली, तर उपासमार. आणि पिल्लं मोठी झाल्यावर सगळे नरच निघाले, तर त्याचं कारण बहुतेक तुमच्या खोलीतला उन्हाळा.

फुकटात: जोडी, रात्र, शेजारी

रॅममध्ये दोन माद्या एकत्र ठेवल्या तर त्या जोडीसारख्याच वागतात. दगड साफ करतात, दोघी अंडी घालतात, राखणही करतात. अंडी अर्थातच सगळी पांढरी. मादीचं पोट गुलाबी आणि कुशीवरच्या काळ्या डागात निळे ठिपके, नराच्या पाठीच्या पराचे पुढचे काटे लांब, ही ओळख फार्मच्या माशांत चुकते. खात्री पटते ती अंडी घालताना, पोटाखाली दिसणाऱ्या नळीवरून. मादीची नळी जाड आणि बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार. दगडावर दोन्ही मासे जाड नळी टेकवत असतील, तर पाण्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बाजारातल्या भडक रंगाच्या रॅमना रंग लवकर यावा म्हणून संप्रेरकं दिलेली असू शकतात आणि असे नर कधीकधी वांझ निघतात. म्हणून तयार जोडी विकत घेण्यापेक्षा सहा लहान पिल्लं घ्या आणि त्यांना आपापसात जोड्या जुळवू द्या. वेळ जातो, पण हेच स्वस्त पडतं.

नव्या जोडीने पहिल्या दोन-तीन वेळा अंडी खाल्ली तर जोडी मोडू नका. राखण त्यांनाही सरावाने जमते.

रात्रीचं तर कोणी बघतच नाही. खोलीतला दिवा पटकन बंद झाला की राखण करणाऱ्याला अंडी दिसत नाहीत. गोगलगायी आणि प्लेको, कोरिडोरास हे तळाशी फिरणारे मासे यांना मात्र अंधारात वासाने बरोबर सापडतात. टाकीपासून पाच-सहा फुटांवर झिरोचा बल्ब रात्रभर लावा. टाकीच्या तोंडावर नको. विणीच्या टाकीत प्लेको आणि कोरिडोरास नकोतच. गोगलगायींसाठी रात्री काकडीची चकती टाका आणि सकाळी लगडलेल्या गोगलगायींसकट उचला. आठवडाभरात बऱ्याच कमी होतात. गोगलगायी मारायचं तांब्याचं औषध घालू नका. मऊ पाण्यात तांबं माशांनाही बाधतं.

शंभर-दोनशे रुपयांत: तापमान आणि हवा

काचेला चिकटवायची रंगीत पट्टी काढून टाका आणि पाण्यात बुडणारा थर्मामीटर घ्या. पहाटे आणि दुपारी चार वाजता, असं दिवसातून दोनदा वाचन लिहा. रॅमला २७ ते ३० अंश मानवतं. बहुतेक अपिस्टोंना, क्रिबला आणि बोलिव्हियन रॅमला २४ ते २७. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरातल्या टाकीचं पाणी ३२-३३ ला सहज पोचतं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३२ अंशांना सुमारे ७.३. गरम पाण्यात मासा आणि अंडं दोघांनाही ऑक्सिजन जास्त लागतो, मिळतो मात्र कमी.

शिवाय अपिस्टोच्या अनेक जातींत पिल्लू नर होणार की मादी, हे पहिल्या महिनाभरातल्या तापमानावर बरंचसं ठरतं. उवे रोमर आणि वोल्फगांग बायझेनहेर्त्स या जर्मन अभ्यासकांनी १९९६ मध्ये हे दाखवून दिलं. ऊब वाढली की नर वाढतात. अपिस्टोची वीण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावी आणि एप्रिल-मेमध्ये नर-मादी वेगळे ठेवावेत, हे आमचं स्पष्ट मत. थंडीत ५० लिटरला ५० वॅटचा हीटर पुरतो. उन्हाळ्यात टाकी थंड ठेवण्याच्या लढाईपेक्षा हे किती तरी सोपं.

तरीही उन्हाळ्यात थंड करायचंच असेल, तर झाकण काढून जाळी ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका टेबलफॅन लावा. इथली हवा कोरडी असल्याने दोन ते चार अंश उतरतात. बर्फ टाळा. अर्ध्या लिटरची गोठलेली बाटली ५० लिटर पाणी जेमतेम एका अंशाने उतरवते आणि तासाभरात ते पुन्हा चढतं. ही चढउतार अंड्यांना सततच्या ३० अंशांपेक्षा वाईट. फॅनची मात्र एक किंमत मोजावी लागते. ती पुढे पाण्याच्या भागात येईल.

हवेसाठी साधा स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप पुरेसा आहे. बुडबुडे अंड्यांवर थेट नकोत, पण पाणी त्यांच्या अंगावरून हळू फिरलं पाहिजे. आई परांनी वारा घालते तो याचसाठी. करवंटीत किंवा सुगडात अंडी असतील आणि तोंड फारच अरुंद असेल, तर आत पाणी कोंडतं. तीन सेंटिमीटरचं भोक ठीक. सुगडं संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, ढिगाने मिळतात. बिनरंगाची घ्या आणि आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा. लाइट गेली की फिल्टर थांबतो, म्हणून चार्जिंगचा एअर पंप घरात असू द्या.

दोन-तीनशे रुपयांत: पाणी

एवढं करूनही चोवीस तासांत अंडी पांढरी पडत असतील, तर टीडीएस मीटर घ्या. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये. सोलापुरातल्या बहुतेक फसलेल्या विणींचं उत्तर इथे सापडतं.

रॅम मूळचा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोकोच्या खोऱ्यातला, अगासिझी अमेझॉनचा. तिथलं पाणी पावसाच्या पाण्याइतकं मऊ असतं. आपलं बोअरचं पाणी काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून येतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. मोठा मासा या पाण्यात वर्षानुवर्षं मजेत जगतो, म्हणून पाण्यावर संशय जात नाही. अंड्याचं तसं नाही. नराचा रेत पाण्यात थोडाच वेळ जिवंत असतो आणि अंडं त्या वेळेत पाणी शोषून फुगत असतं. जास्त कॅल्शियमच्या पाण्यात मऊ पाण्याच्या माशांची अंडी नीट फळत नाहीत आणि फळली तरी पिल्लाला कवच फोडून निघणं जड जातं. म्हणून पाणी सुधारायचं ते वीण व्हायच्या आधी. पांढऱ्या अंड्यांवर पाणी बदलून काही मिळत नाही.

तीन ठिकाणचं वाचन घ्या: नळाचं, बोअरचं आणि टाकीचं. टाकीचा आकडा भरलेल्या पाण्याच्या आकड्यापेक्षा बराच वर असेल, तर चोर सापडला. उन्हाळ्यात फॅनखाली ५०-६० लिटरच्या टाकीतून रोज एक ते दीड लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. ती तूट तुम्ही बोअरच्या पाण्याने भरता. हिशेब करून बघा. साठ लिटरची टाकी, सुरुवातीला टीडीएस १५०. रोज दीड लिटर बोअरचं पाणी, टीडीएस ७००. दीड गुणिले सातशे म्हणजे रोज १०५० मिलिग्रॅम क्षार, म्हणजे टाकीत रोज साधारण १७ ची वाढ. वीस दिवसांत १५० चे ५०० होतात. पहिली वीण साधली आणि नंतरच्या सगळ्या फसल्या, असं सांगणाऱ्यांच्या टाकीत बहुतेक हेच घडलेलं असतं.

म्हणून नियम एकच. उडालेलं पाणी भरायचं ते फक्त आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याने. बोअरचं पाणी मोजून आणि फक्त पाणी बदलताना.

आरओ मशीन घ्यायची घाई नको. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार हीच सोलापुरातली सगळ्यात स्वस्त प्रयोगशाळा. प्रत्येक जार मीटरने तपासा, कारण काही प्लँटवाले चवीसाठी साधं पाणी मिसळतात. आणलेला जार थंडगार असतो. रात्रभर एअर स्टोन लावून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मिश्रणाचं उदाहरण: जारचं पाणी ४०, बोअर ८००, हवं १२० च्या आसपास. अठरा लिटर जार आणि दोन लिटर बोअर घेतलं तर वीस लिटरचा आकडा ११६ येतो. रॅमला ८० ते १५० मध्ये चांगले निकाल मिळतात, अगासिझीला ८० च्या खाली. कॉकाटू, क्रिब आणि बोलिव्हियन रॅम यांना २०० ते २५० लाही बहुधा अडचण येत नाही. सोलापुरात सुरुवात करणाऱ्याने कॉकाटू किंवा क्रिब घ्यावेत, ते यामुळेच.

टाकीचा आकडा खाली आणायचा तो सावकाश. रोज १५-२० टक्के पाणी बदला, एका दिवसात ५० पेक्षा जास्त उतार नको.

टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, हे इथे लक्षात ठेवा. अपार्टमेंटला सॉफ्टनर बसवलेला असेल, तर कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. साबणाला फेस छान येतो, पण मीटरचा आकडा हलत नाही आणि त्या पाण्याचा सामू (पीएच) वरच राहतो. अशा घरात थेंबांची जीएच-केएच किट घ्या. जीएच म्हणजे एकूण जडपणा, केएच म्हणजे सामू धरून ठेवणारे कार्बोनेट. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. रॅमला जीएच पाचच्या खाली असावा.

देशी बदामाची वाळलेली पानं पंचवीस-तीस लिटरला एक या मापाने घाला. त्यांतल्या टॅनिनने बुरशी थोडी आवरते. मात्र केएच चारच्या वर असेल, तर पानांनी पाणी चहासारखं दिसेल आणि सामू जागचा हलणार नाही. आधी केएच उतरवा, पानं मग.

नळाच्या पाण्याबद्दल थोडं. शहराला उजनी, टाकळी आणि हिप्परग्याचं पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे ते हौदात आणि गच्चीवरच्या टाकीत साठतं. ताज्या पाण्यात क्लोरिन असतं, दोन दिवस उघडं ठेवलं की बहुतेक उडून जातं. घाई असेल तर १०० लिटरला दीड ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पुरे होतं. हौदात ब्लीचिंग पावडर टाकली असेल, तर ते पाणी आठवडाभर वापरू नका. आणि मे महिन्यात दुपारी गच्चीच्या टाकीचं पाणी थेट मत्स्यटाकीत सोडू नका. त्याला हात लावून बघितला की का ते कळेल.

दगड

इतकं करूनही टीडीएस आपोआप चढत असेल, तर दोष टाकीतच आहे. रॅमला अंडी घालायला सपाट दगड हवा म्हणून घरातला शहाबादीचा तुकडा टाकला जातो. शहाबादी म्हणजे चुनखडक. कडप्पा आणि कोटाही तेच. मऊ, आम्लधर्मी पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि जारचे पैसे पाण्यात जातात. टाकीबाहेर, हातमोजे घालून, दगडावर संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसलं तर तो दगड बाद. वाळूचीही चिमूटभर अशीच तपासा, शिंपल्यांचे कण असतील तर लगेच कळतं. त्याऐवजी माळरानावरचा काळा दगड घ्या, घासून उकळत्या पाण्याने धुवा. फुकट आहे आणि विरघळत नाही.

अंडी वेगळी काढणं

हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आई-बाप दर वेळी खातच असतील, तरच. तीन लिटरचा काचेचा डबा घ्या. त्यात त्याच टाकीचं पाणी, तेच तापमान. दगड किंवा करवंटी पाण्याबाहेर न काढता हलवा आणि बाजूला मंद एअर स्टोन सोडा. एक टक्का मिथिलीन ब्लूचे बारा थेंब तीन लिटरला पुरतात, म्हणजे लिटरला साधारण दोन मिलिग्रॅम. पाणी फिकट निळं दिसलं पाहिजे, शाईसारखं नाही. पांढरी अंडी दिवसातून दोनदा ड्रॉपरने उचला. २८ अंशांना रॅमची अंडी दोन ते अडीच दिवसांत फुटतात. फुटली की रोज तिसरा हिस्सा पाणी बदलत निळेपणा काढून टाका.

फुटल्यानंतरचं

पोटाला चिकटलेल्या बलकाच्या पिवळ्या पिशवीवर जगणाऱ्या पिल्लांना खाऊ देऊ नका. पाच-सहा दिवसांनी ती पोहू लागली की लगेच द्या. अपिस्टोची पिल्लं पहिल्या दिवसापासून ताजी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीची पिल्लं) खातात. रॅमची पिल्लं बारीक असतात, त्यांना पहिले दोन-तीन दिवस इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, लागतो. लिटरला २५ ग्रॅम मीठ, भरपूर हवा आणि २६-२८ अंश मिळाले की चोवीस तासांत आर्टेमियाची अंडी फुटतात. गाळून, गोड्या पाण्याने धुऊनच टाका. दिवसातून चार वेळा, पण इवलीशी. उरलेला खाऊ कुजला की अमोनिया होतो. सामू ८ आणि पाणी ३० अंश असेल तर तोच अमोनिया सामू ७ च्या मानाने सुमारे दहापट विषारी रूपात असतो. जड पाण्यात वाढवलेली पिल्लं रातोरात जातात ती यामुळे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच हवेत.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या, तर हात काढा, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हीटर "बहुतेक बरा असेल" म्हणून पुन्हा लावून बघू नका. मत्स्यटाकीच्या लाइनवर अर्थिंग आणि गळती झाली की तुटणारा ब्रेकर हवाच.

पोट आत गेलेलं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी किंवा गुदद्वारातून लाल दोरे लोंबताना दिसले, तर वीण थांबवा. नर-मादी वेगळे ठेवा आणि माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा. सोलापूरहून जवळ उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येते. प्रतिजैविकं दुकानदाराच्या सांगण्यावरून घालू नका.

मासे एकामागून एक वाळत असतील, अंगावर जखमा असतील आणि टाकी साफ करणाऱ्याच्या हातावर न भरणारी गाठ किंवा फोड आला असेल, तर माशांआधी स्वतः त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि घरी मत्स्यटाकी असल्याचं त्यांना आवर्जून सांगा. माशांच्या क्षयाचे जिवाणू माणसाच्या जखमेत शिरू शकतात.

जारचं पाणी, बेसॉल्टचा दगड, खात्रीची जोडी, २८ अंश, एवढं सगळं जमूनही सलग पाच विणी पांढऱ्या गेल्या, तर बोअरचा नमुना पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि नायट्रेटसकट पूर्ण अहवाल मागा. अहवाल येईपर्यंत नर बदलून बघा.